पांढरा पट्टा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय

मोटारीचा वेग काट्यावर दिसतो, पण ठरतो समोरच्या रस्त्यावर. काट्याकडे चालकाची नजर अधूनमधून जाते. बाकी सगळा वेळ ती काचेपलीकडे असते. रस्ता किती रुंद आहे, पुढचे किती अंतर दिसते, कडेची झाडे किती जवळ आहेत, समोरून कोणी येण्याची शक्यता किती, असा हिशेब डोळे करत असतात आणि त्याबरहुकूम ॲक्सिलरेटरवरचा पाय सैल होतो किंवा दाबला जातो. हा हिशेब इतका अंगवळणी पडलेला असतो की विचारले तर बहुतेक चालकांना तो सांगताही येणार नाही. रस्त्यावर मारलेले पांढरे-पिवळे पट्टे ही या हिशेबातली एक बाब. वळण सरळ करायला जमीन संपादन करावी लागते, दुभाजक बांधायला निधी लागतो. पट्टे मात्र एका रात्रीत मारून होतात. त्यामुळे वेगाला आवर घालायचा म्हटले की रंग सर्वांत आधी आठवतो. तो कुठे कामाला येतो आणि कुठे उलटतो, हा या विषयाचा गाभा आहे.

वेगातला थोडासा फरकही किती मोलाचा असतो, हे स्वीडिश संशोधक योरान निल्सन यांच्या सूत्रावरून कळते. जगभर वापरल्या जाणाऱ्या या सूत्राचा ढोबळ अर्थ असा की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघात साधारण चार टक्क्यांनी वाढतात. एखाद्या रस्त्यावरचा सरासरी वेग ताशी ८० वरून ७६ किलोमीटरवर आला, तर गाडीत बसलेल्याला फरक जाणवणारही नाही. पण त्या रस्त्यावरचे प्राणघातक अपघात जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी व्हावेत अशी अपेक्षा धरता येते. भारतात २०२२ साली रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे सरकारी नोंदीत ‘अतिवेग’ हे कारण लिहिले गेले. हा रकाना पंचनाम्यासाठी सोयीचा असतो आणि रस्त्याचे दोषही त्याच्या आड जातात, हे मान्य करूनसुद्धा आकडा लहान होत नाही.

वेगमर्यादेची पाटी आणि प्रत्यक्षातला वेग यांचे नाते सैल असते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेने मोटारींसाठी द्रुतगती मार्गावर ताशी १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि नगरपालिका हद्दीत ७० किलोमीटर अशी कमाल मर्यादा घातली. पण रस्ता अभियंत्याला रस्त्याचा खरा स्वभाव जाणून घ्यायचा असतो, तेव्हा तो पाटी बाजूला ठेवून गाड्यांचे वेग मोजतो आणि शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग टिपून घेतो. हा वेग पाटीवरच्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघाला, तर रस्ता एक सांगतो आहे आणि पाटी दुसरे, असा त्याचा अर्थ. अशा वेळी चालक रस्त्याचे ऐकतो.

रस्ता सांगतो ते डोळ्यांना कसे कळते? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांनी १९५० च्या सुमारास याची मांडणी केली. माणूस पुढे जात असताना दूरचा एक बिंदू स्थिर राहतो आणि बाकीचे सगळे त्या बिंदूपासून फाकत, कडेने मागे वाहत जाते. हा प्रवाह जितका वेगवान, तितका आपला वेग जास्त असे मेंदू धरून चालतो. प्रवाहाची गती जमिनीपासून डोळे किती उंच आहेत यावरही अवलंबून असते. त्याच रस्त्यावर त्याच वेगाने जाताना ट्रकच्या केबिनमधून डांबर संथ सरकताना दिसते आणि स्कूटरवरून तेच अंगावर धावून येते. उंच आसनावर बसलेले चालक अधिक वेगाने गाडी हाकतात, असे सिम्युलेटरवरच्या प्रयोगांत आढळले आहे.

नुसत्या काळ्या, एकसारख्या डांबरावर या प्रवाहाला पकडायला काही नसते. तुटक रेषा मारली की त्याला ठोके मिळतात. ब्रिटनमध्ये ताशी ४० मैलांहून अधिक मर्यादेच्या रस्त्यावर मधली तुटक रेषा ३ मीटरचा पट्टा आणि ६ मीटर मोकळी जागा अशी असते; म्हणजे दर ९ मीटरला एक ठोका. ताशी ९० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २५ मीटर कापते आणि तिच्या शेजारून सेकंदाला जवळजवळ तीन पट्टे जातात. वेग निम्मा केला की ठोकेही निम्मे. धोक्याच्या जागी तिथे प्रमाण उलटे करतात, ६ मीटर पट्टा आणि ३ मीटर मोकळी जागा. रस्त्यावर रंग जितका जास्त तितकी काळजी जास्त, असा हा साधा संकेत. तो न शिकवताही समजतो.

मात्र डोळ्यांचे हे मोजमाप फारसे भरवशाचे नाही. अमेरिकेत महामार्गावरच्या तुटक रेषेचा एक पट्टा १० फूट लांब असतो. ओहायो राज्य विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली लोकांना त्याची लांबी विचारली, तर सर्वाधिक लोकांचे उत्तर होते २ फूट. रोज ज्याच्या शेजारून जायचे, त्या वस्तूचा पाचपट चुकीचा अंदाज! पट्टे आणि त्यांमधली अंतरे इतकी आखूड वाटत असतील, तर कापलेले अंतरही कमी वाटणार आणि वेगही. दुसरी फसगत सवयीची. ब्रिटनच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेत गॉर्डन डेंटन यांनी चालकांना काट्याकडे न पाहता वेग निम्म्यावर आणायला सांगितले. निम्मा झाला असे त्यांना वाटले, तेव्हाही प्रत्यक्षातला वेग निम्म्यापेक्षा जास्त होता. बराच वेळ भरधाव गेल्यावर तर ही चूक आणखी वाढते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून उतरून कळंबोलीच्या किंवा वाकडच्या वाहतुकीत शिरणाऱ्याला ताशी ६० ला गाडी रांगते आहे असे वाटते ते यामुळेच. तिसरी फसगत रंगाच्या उठावाची: आजूबाजूच्या पृष्ठभागातून नीट उठून न दिसणारी आकृती सरकताना मंद भासते. १९९८ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सिम्युलेटरवरचे दृश्य सरसकट धूसर केल्यावर चालकांनी वेग वाढवला होता. पुढे खऱ्या धुक्यासारखा, अंतरागणिक दाट होत जाणारा पडदा वापरून तोच प्रयोग केला गेला, तेव्हा मात्र चालक सावकाश गेले. या क्षेत्रात एका प्रयोगावर विसंबून राहू नये, याची ही पहिली खूण. पुढे आणखी येतील.

रेषा मुळात वेगासाठी आखली गेलीच नव्हती. मोटारी समोरासमोर आदळू नयेत एवढाच तिचा हेतू होता. मध्यरेषेचे श्रेय बहुधा मिशिगनमधल्या वेन काउंटीचे रस्ते आयुक्त एडवर्ड हाइन्स यांना दिले जाते, साल १९११. दूधगाडीतून गळणाऱ्या दुधाची ओळ रस्त्यावर पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. गोष्ट गोड आहे, खरी असो वा नसो. कॅलिफोर्नियात इंडियोजवळ डॉ. जून मॅक्कॅरोल यांची गाडी एका ट्रकने रस्त्याबाहेर ढकलली आणि १९१७ मध्ये या डॉक्टरीणबाईंनी स्वतःच मैलभर पांढरा पट्टा ओढला; राज्याने ती पद्धत १९२४ मध्ये स्वीकारली. भारतात रस्त्यांचा विचार शास्त्रशुद्ध रीतीने सुरू झाला तो १९२७ साली नेमलेल्या जयकर समितीपासून. तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले ते. या समितीच्या शिफारशींतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि तिने केलेली ‘आयआरसी-३५’ ही संहिता आजही देशभरच्या पट्ट्यांची लांबी, रुंदी आणि रंग ठरवते. तिची अलीकडची आवृत्ती २०१५ ची.

वेग कमी करण्यासाठी म्हणून मुद्दाम मारलेल्या पट्ट्यांची कहाणी स्कॉटलंडमध्ये सुरू होते. एडिनबरोजवळ न्यूब्रिज येथे भरधाव येणाऱ्या गाड्या वर्तुळाकार चौकावर आदळत. डेंटन यांनी १९७१ मध्ये त्या चौकाकडे येणाऱ्या रस्त्यावर आडवे पट्टे मारून घेतले आणि चौक जवळ येईल तसतसे पट्ट्यांमधले अंतर कमी करत नेले. युक्ती अशी: चालकाने वेग तसाच ठेवला, तर पट्टे अधिकाधिक भराभर गाडीखाली जातील, आपला वेग वाढतो आहे असे त्याला वाटेल आणि तो नकळत पाय उचलेल. पट्ट्यांचा ठेका सारखा राखायचा तर वेग कमी करतच जावे लागते. वेग खरोखर उतरले. मग ब्रिटनमध्ये अशा चौकांआधी पिवळे आडवे पट्टे मारण्याची पद्धतच पडली. मुख्य मार्गावर एका ठिकाणी ९० पट्टे, जोडरस्त्यावर ४५. पन्नासच्या आसपास ठिकाणांच्या पाहणीचा अहवाल १९८१ मध्ये आला, त्यात वेगाशी संबंधित अपघात निम्म्याहून अधिक घटल्याचे नोंदले होते. रंगाच्या काही डब्यांनी इतके काम केल्याचे दुसरे उदाहरण रस्ता अभियांत्रिकीत सहसा सापडणार नाही.

पण हे काम भासाने झाले की इशाऱ्याने, यावर वाद आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठात सिम्युलेटरवर दोन्ही प्रकार तपासले गेले. पट्ट्यांमधले अंतर कमी होत जाणारे असो की सगळीकडे सारखे, परिणाम जवळपास तेवढाच होता. म्हणजे चालकाला फसवण्यापेक्षा जागे करण्याचे काम ते पट्टे जास्त करत असावेत. मोटरवेवर तासभर काहीच न बदलता गाडी चालवणाऱ्याच्या समोर अचानक शिडीसारखे काही आले की ‘पुढे काहीतरी आहे’ हे त्याला कळते आणि पाय आपोआप सैल होतो. डेंटन यांची मूळ कल्पना सुंदर होती. ती चुकीची ठरली असे नाही, पण तिच्यावाचूनही चालते असे दिसते. व्यवहारात हा निष्कर्ष सोयीचा आहे, कारण ९० वेगवेगळी अंतरे मोजून पट्टे मारण्यापेक्षा सारख्या अंतराचे मारणे कोणत्याही ठेकेदाराला सोपे जाते.

याच जातीचे दुसरे प्रसिद्ध उदाहरण शिकागोचे. मिशिगन सरोवराच्या काठाने जाणाऱ्या लेक शोर ड्राइव्हवर ओक स्ट्रीटजवळ अवघड वळण आहे. तिथे सप्टेंबर २००६ मध्ये जवळजवळ येत जाणारे आडवे पट्टे मारले गेले आणि पुढच्या सहा महिन्यांत आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा ३६ टक्के कमी अपघात झाले. रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांच्या ‘नज’ या २००८ च्या पुस्तकात हे वळण आले आणि जगभरच्या धोरणकर्त्यांना पट्ट्यांची महती कळली. आकडा खरा असला तरी तो एका जागेचा आणि सहा महिन्यांचा आहे. शिवाय पट्टे मारण्यासाठी जागा निवडली जाते तीच मुळी अपघात फार झाले म्हणून. अतिशय वाईट वर्षानंतरचे वर्ष काहीही न करता थोडे बरे जाण्याची शक्यता असतेच. ही वजावट न करता सांगितलेले यश जपून घ्यावे.

नवलाईची वजावट तर त्याहून मोठी. २०१६ मध्ये अहमदाबादच्या एका मायलेकींनी रस्त्यावर उठून आल्यासारखे वाटणारे, त्रिमितीचा भास करणारे झेब्रा पट्टे रंगवले. त्यांची छायाचित्रे देशभर फिरली आणि गतिरोधकांऐवजी असे आभासी अडथळे वापरण्याची चर्चा थेट केंद्रीय मंत्रालयापर्यंत गेली. आइसलंडमधल्या इसाफ्योर्दुर गावाने पुढच्याच वर्षी तसे पट्टे रंगवून घेतले. पहिल्यांदा पाहणारा दचकून ब्रेक दाबतो. रोज त्याच रस्त्याने जाणाऱ्याला आठवड्याभरात कळते की तो ठोकळा म्हणजे नुसता रंग आहे, आणि मग तो वेग कमी करत नाही. भीती आणखी एक: खोट्या ठोकळ्याची सवय झालेला चालक खऱ्यासमोरही तसाच बेफिकीर राहू शकतो. आणि दचकून दाबलेल्या ब्रेकमागे दुसरी गाडी असते.

रस्त्यावर लिहिलेले शब्द हा जरा वेगळा प्रकार. गावाच्या वेशीवर डांबरावर ‘सावकाश’ लिहिलेले असते. शेजारी उभे राहून पाहिले तर अक्षरे रबरासारखी ताणलेली दिसतात, काना माणसाच्या उंचीएवढा. गाडीतून जमीन अगदी तिरप्या कोनात दिसते, त्यामुळे उंची दबते. म्हणून अक्षरे मुद्दाम लांबवून काढावी लागतात. काही ठिकाणी ती साध्या पाटीसारखी काढलेली असतात आणि ताशी ६० वरून तो शब्द एक पांढरा डाग म्हणून निघून जातो. शब्दांचा वेगावरचा परिणाम एकूणच माफक असतो. त्यापेक्षा इंग्लंडमध्ये गावाच्या तोंडाशी दोन्ही कडांना मारतात ते दातेरी त्रिकोण बरे, कारण ते रस्ता अरुंद होत चालल्याचे दाखवतात.

इथवरचे सगळे पट्टे वेग कमी करण्यासाठी मारलेले. आता उलट बाजू. तीच अधिक महत्त्वाची आणि आपल्याकडे जवळजवळ दुर्लक्षित.

फिनलंडमध्ये ताशी ८० किलोमीटर मर्यादेच्या रस्त्यांच्या कडेला प्रकाश परावर्तित करणारे खांब लावले गेले, रात्री रस्त्याची वळणे चालकाला दुरून दिसावीत म्हणून. हेतूत काहीच वावगे नव्हते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले ते असे: रात्रीचे वेग ताशी ५ ते १० किलोमीटरने वाढले आणि अंधारातले जखमींचे अपघातही वाढले. चालकाला रस्ता अधिक स्पष्ट दिसला आणि त्या स्पष्टतेचा उपयोग त्याने सुरक्षिततेसाठी न करता लवकर पोचण्यासाठी केला. सुरक्षिततेची शिल्लक वेगात खर्च करण्याची ही वृत्ती. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांनी तिच्यावर अख्खा सिद्धान्त उभा केला. तो जसाच्या तसा सर्वांना मान्य नाही, पण खांबांची हकीकत तर समोरच आहे.

कडेच्या रेषेचे असेच. डांबराच्या काठाने सलग पांढरी रेषा मारली तर वेग वाढतो की घटतो, यावर युरोप-अमेरिकेत डझनांनी अभ्यास झाले. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००४ मध्ये ते एकत्र करून पाहिले तेव्हा काही ठिकाणी वाढ, काही ठिकाणी घट असे चित्र निघाले. फरक पडत होता तो आधी काय होते यामुळे. मुळात एकही रेषा नसलेल्या रस्त्यावर रेषा आल्या की रस्ता ‘मोठा’ वाटू लागतो आणि वेग चढतो. मध्यरेषा पुसून तिच्याऐवजी फक्त कडेच्या रेषा ठेवल्या की रस्ता अरुंद वाटतो, समोरून येणाऱ्यासाठी जागा करावी लागेल हे ध्यानात राहते आणि वेग उतरतो. रंग तेवढाच, जागा बदलली की परिणाम उलटा.

डच लोकांनी याच निरीक्षणावर धोरण बेतले. १९९० च्या दशकापासून तिथे रस्त्यांचे मोजके प्रकार ठरवून प्रत्येकाला वेगळे रूप दिले गेले. शेतांमधून जाणाऱ्या, ताशी ६० मर्यादेच्या रस्त्याला मध्यरेषा नाही, दोन्ही कडांना तुटक रेषा. ताशी १०० च्या प्रादेशिक रस्त्यावर दुहेरी मध्यरेषेच्या पोटात हिरवा पट्टा. पाटी चुकली तरी चालकाला रस्त्याकडे पाहूनच मर्यादा कळावी, अशी ही योजना. लंडनच्या वाहतूक यंत्रणेने तर तीन रस्त्यांवर पुन्हा डांबर घातल्यावर मध्यरेषा परत मारलीच नाही, आणि २०१४ च्या अहवालानुसार वेग ताशी काही किलोमीटरने कमी झाला. तिथल्या लोकांनी हिशेबात आणखी एक गोष्ट धरली, ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: नव्या गुळगुळीत डांबरानेच वेग वाढतो. तो वाढलेला भाग वेगळा काढला, तेव्हा कुठे रेषा पुसण्याचा खरा परिणाम कळला.

हे सगळे महाराष्ट्रात किती लागू पडते? थोडे पडते, बरेचसे पडत नाही. युरोपातला चालक रेषा ओलांडत नाही, म्हणून रेषा जवळ आणली की त्याचा रस्ता खरोखरच अरुंद होतो. जिथे दुपदरी रस्त्यावर ट्रक, रिक्षा, दुचाकी आणि उसाची ट्रॉली अशा चार रांगा एका वेळी चालतात, तिथे मार्गिकेची रेषा ही सजावट ठरते आणि तिने केलेला अरुंदपणा कोणालाच जाणवत नाही. रेषेवर विश्वास असेल तरच ती डोळ्यांना काही सांगू शकते. म्हणूनच आपल्याकडे अभियंत्यांचा ओढा नुसत्या रंगापेक्षा हाताला-पाठीला जाणवणाऱ्या पट्ट्यांकडे, म्हणजे रम्बलरकडे असतो. थर्माप्लास्टिकचे थरावर थर देऊन केलेल्या या आडव्या पट्ट्या चारचाकीच्या चालकाला खडखडाट करून जागे करतात. पण कोणत्याही गावाबाहेरच्या रम्बलरची टोके पाहावीत: डांबर संपून साइडपट्टी सुरू होते तिथे दुचाक्यांच्या चाकांनी मातीत चर पाडलेला असतो. ज्यांना सावकाश जायला सांगायचे त्यांतले निम्मे लोक त्या चरातून, पादचाऱ्यांच्या वाटेवरून, वेग न उतरवता निघून जातात.

पट्ट्याची मर्यादा सर्वांत उघड दिसते ती पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर. तिथे अनेक मोठे अपघात झाले, रम्बलर आले, पाट्या आल्या, मर्यादा खाली आणली गेली. या उताराचा धोका मुख्यतः अवजड वाहनांचा: लांब उतारावर सारखा ब्रेक दाबून तो तापतो आणि धरेनासा होतो, किंवा डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडलेली असते. ब्रेक गेलेल्या ट्रकचा वेग चालकाने निवडलेला नसतो. निवडलेल्या वेगावरच पट्टे बोलू शकतात. उतारावरच्या पट्ट्यांनी काम करायचे असेल तर ते उताराच्या डोक्यावर, गियर उतरवण्याची वेळ असते तिथे हवेत. खाली पुलाजवळ मारलेले पट्टे मोटारींना उपयोगी पडतील, ट्रकला नाही.

समृद्धी महामार्गाचा प्रश्न याच्या अगदी उलट. ७०१ किलोमीटर लांबीचा, मोटारींना ताशी १२० ची मुभा असलेला हा काँक्रीटचा रस्ता डोळ्यांना जवळजवळ काहीच बदल देत नाही, आणि पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून ‘रस्त्याच्या संमोहना’ची चर्चा सुरू झाली. एकसुरी प्रवाहाची सवय झालेल्या मेंदूला १२० आणि १४० मधला फरक कळेनासा होतो. अशा ठिकाणी आडव्या पट्ट्यांचा उपयोग वेग उतरवण्यापेक्षा जाग आणण्यासाठी जास्त. काँक्रीटची आणखी एक अडचण आहे, तिच्याकडे कोणी फारसे पाहत नाही. उन्हात फिकट राखाडी पृष्ठभागावर पांढरी रेषा उठत नाही. दुपारी विदर्भात ती जेमतेम दिसते. अशा रस्त्यांवर रेषेच्या बाजूला किंवा मागे काळी किनार देण्याची पद्धत अन्यत्र आहे. उठाव नसलेली आकृती मंद भासते, हे वर आलेच आहे.

शेवटी रंगाच्या वस्तूविषयी. महामार्गावर वापरतात ते थर्माप्लास्टिक. साधारण २०० अंश सेल्सियसला वितळवून सुमारे अडीच मिलिमीटर जाडीने रस्त्यावर ओततात आणि ते ओले असतानाच त्यावर काचेचे बारीक मणी टाकतात. गाडीच्या दिव्याचा प्रकाश मण्यात शिरतो, मागच्या रंगावर आपटून पुन्हा दिव्याच्याच दिशेने परत येतो, म्हणून रात्री पट्टा उजळतो. टायर मणी उपटून नेतात. दिवसा पांढरा दिसणारा पट्टा रात्री मेलेला असू शकतो आणि तो तपासायला परावर्तन मोजण्याचे यंत्रच लागते. त्यामुळे एखाद्या रस्त्यावर पट्टे मारून वेगात काय फरक पडला हे पाहायचे, तर वेग पट्टे मारण्याआधी, मारल्यानंतर लगेच आणि पुन्हा सहा महिन्यांनी मोजावा लागतो, तोही दिवसा आणि रात्री वेगळा. अशा मोजणीचा खर्च पट्ट्यांच्या खर्चापुढे किरकोळ असतो. निविदेत मात्र तिचे कलम क्वचितच आढळते.

पावसात हे सगळे बदलते. मण्यांवर पाण्याचा पातळ थर बसला की दिव्याचा प्रकाश परत न येता आरशावरून घसरावा तसा पुढे निघून जातो आणि पट्टा दिसेनासा होतो. पाण्याच्या वर डोके काढणारे उठावाचे पट्टे आणि रस्त्यात रोवलेले कॅट आय, जे हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ यांनी १९३४ मध्ये शोधले, तेवढे उजळत राहतात. जुलैतल्या रात्री कोकणात उतरणाऱ्या घाटात ते नसतील, तर वेग ठरवायला चालकापाशी एकच गोष्ट उरते: पुढच्या गाडीचे लाल दिवे.